लहान शिडाच्या बोटीचं रिगिंग कसं लावावं: आधी लांबी, मग ताण

लहान बोटीची डोलकाठी बहुतेक वेळा डेकवरच्या एका खोबणीत नुसती टेकवलेली असते. तिला उभं धरण्याचं सगळं काम चारी बाजूंच्या पोलादी तारा करतात. या कायम बांधलेल्या तारा म्हणजे स्टँडिंग रिगिंग. शीड चढवायच्या-उतरवायच्या दोऱ्या त्यात येत नाहीत. त्या दर फेरीला हाताळल्या जातात, पण या तारा एकदा लावल्या की हंगामभर तशाच राहतात. म्हणून एकदाच लावायच्या, पण मोजून लावायच्या.

खालचे सगळे आकडे एका ठरावीक बोटीचे आहेत: लांबी सुमारे २४ फूट, ॲल्युमिनियमची ९ मीटरची डोलकाठी, स्प्रेडरची, म्हणजे डोलकाठीच्या मध्यातून बाजूला निघणाऱ्या आडव्या दांड्यांची, एकच जोडी आणि तीही सरळ बाजूला गेलेली, तारा ५ मिमीच्या. तुमची बोट वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण कामाचा क्रम तोच राहील.

तारा आठ. नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, शेंड्याला जाणारी फोरस्टे. मागच्या टोकावरून शेंड्याला जाणारी बॅकस्टे. शेंड्यावरून निघून स्प्रेडरच्या टोकावरून वळून बाजूला डेकवर उतरणाऱ्या दोन कॅप श्राउड. आणि स्प्रेडरच्या बुडापासून निघून डेकवर येणाऱ्या चार लोअर श्राउड, प्रत्येक बाजूला एक डोलकाठीच्या पुढे, एक मागे. कॅपचं काम शेंडा मध्यावर धरणं. लोअरचं काम डोलकाठीचं पोट सरळ धरणं. ही विभागणी डोक्यात पक्की बसली की निम्मं काम झालं, कारण पुढे पाण्यावर दिसणारा प्रत्येक दोष या दोनांपैकी एकीकडे बोट दाखवतो.

मोजायचं कशात

तार १×१९ विणीची, म्हणजे एकोणीस पदरांची, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची असते. ५ मिमीची तार तुटायला २ टनांहून थोडा जास्त भार लागतो. ताण नेहमी या तुटण्याच्या भाराच्या टक्केवारीत सांगतात. कॅपला १५ टक्के ताण द्यायचा म्हणजे ३०० किलोच्या आसपास. हा आकडा नवशिक्यांना फार वाटतो आणि ते तारा ढिल्या ठेवतात. सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. ढिल्या तारेत वाऱ्याआडची, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध, बाजू प्रत्येक लाटेला सैल पडते आणि पुढच्या क्षणी झटक्याने ताणली जाते. स्थिर ताणापेक्षा हे झटके जोडांना लवकर थकवतात. डोलकाठीही पुढेमागे हलत राहते, तिच्याबरोबर शिडाचा आकार.

उलट टोकही आहे. २५ टक्क्यांच्या पुढे गेलात तर तारेला काही होणार नाही, बोटीला होईल. डोलकाठी डेकला खाली दाबते आणि नाळ व मागचं टोक वर ओढलं जातं. ताण दिल्यावर केबिनचं दार अडकायला लागलं तर आतला आधाराचा खांब किंवा त्याखालचं लाकूड खचतंय असं समजा, आणि ते आधी दुरुस्त करा.

ताण मोजायला परदेशी गेज मिळतात. पण १×१९ तारेचा एक गुण त्यांच्याशिवाय काम भागवतो: २ मीटर लांबीत तार १ मिमी ताणली की ताण तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के वाढलेला असतो. तार ४ मिमीची असो की ६ मिमीची, प्रमाण तेच. तेव्हा २ मीटरची सरळ लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा व्हर्निअर कॅलिपर पुरतो.

पट्टीचं वरचं टोक तारेला चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा. खालचं टोक तारेवर दाबून बसवलेल्या फिटिंगच्या वरच्या कडेपासून बरोबर ५ मिमी वर मोकळं राहू द्या, फक्त तारेलगत राहील इतपत सैल बांधा. हे तार हाताने जेमतेम ताठ असताना करायचं. मग जसजसा ताण द्याल तसतशी ती ५ मिमीची फट वाढते. फट ८ मिमी झाली म्हणजे ३ मिमी वाढ, म्हणजे १५ टक्के. ९ मिमी म्हणजे २० टक्के. एकाच बाजूला पट्टी बांधली तरी चालते, कारण दोन्ही बाजूंना फेरे सारखेच द्यायचे असतात.

आधी तपासणी

खराब तार ताणण्यात अर्थ नाही. कापसाचा बोळा किंवा जुना सुती कपडा तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथे धागा अडकला तिथे एक तरी पदर तुटलेला आहे. एक पदर तुटला की ती तार बदलायची. बाकीचे अठरा शाबूत आहेत हा युक्तिवाद करू नका, कारण ज्या कारणाने पहिला तुटला तेच कारण इतरांनाही लागू असतं.

खालची फिटिंगं वरच्यांपेक्षा आधी जातात. खारं पाणी तारेवरून ओघळून त्यांच्या तोंडात साचतं. दहापट भिंगाने फिटिंगच्या नळीवर उभी केसासारखी चीर आहे का पाहा. नळीच्या तोंडाशी तांबूस डाग असेल तर पुसून आठवड्याने पुन्हा बघा. परत आला तर गंज आत आहे. चेनप्लेट, म्हणजे तारा जिथे बोटीला धरतात त्या पट्ट्या, डेकमधून जिथे खाली जातात तो भाग सर्वात फसवा. तिथे ओल राहते आणि हवा पोचत नाही, आणि स्टेनलेस स्टील नेमकं अशाच जागी आतून गंजतं. वरून चकचकीत, आत अर्धी जाडी. सीलंट काढून, निदान काही वर्षांतून एकदा, ती बाहेर ओढून पाहायला हवी.

स्प्रेडरचं बाहेरचं टोक किंचित वर उचललेलं असावं, इतकं की कॅप तार त्याच्या वर आणि खाली सारखाच कोन करेल. टोक खाली झुकलेलं असेल तर ताणाखाली ते तारेवरून खाली घसरू पाहतं. स्प्रेडर घसरला की डोलकाठी मध्यावर मोडते. टोक तारेला बारीक स्टेनलेस तारेने बांधून घ्या.

टर्नबकलच्या, म्हणजे फिरवून तार ताणायच्या पेचाच्या, खाली टॉगल आहे ना, तेही पाहा. दोन्ही दिशांना वळणारा तो छोटा जोड नसेल तर तार हलते तेव्हा वाक थेट पेचाच्या पहिल्या आट्यावर येतो आणि तो तिथेच तुटतो. आणि हुकवाली गॅल्व्हनाइज्ड टर्नबकलं मंडपाला ठीक. डोलकाठीला बंद फोर्कची, बोटीसाठीचीच घ्या.

टर्नबकलचं गणित

५ मिमी तारेला साधारणपणे ५/१६ इंची पेच येतो, इंचाला २४ आटे. टर्नबकलला एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात, म्हणून मधलं अंग एक पूर्ण फेरा फिरलं की दोन्ही बाजूंनी मिळून २.१ मिमी लांबी कमी होते. ९ मीटरच्या कॅपवर हे वर सांगितलेल्या पट्टीच्या मापात अर्ध्या मिमीच्या जवळ येतं, म्हणजे एका फेऱ्याला साधारण सव्वादोन टक्के. तार ताठ झाल्यानंतर कागदावर सहा-सात फेऱ्यांत १५ टक्के गाठायला हवं. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात, कारण बोटही थोडी दबते. दुप्पट लागले तर मात्र थांबा आणि काय दबतंय ते शोधा.

स्टेनलेस पेचावर स्टेनलेस अंग कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांना घासून चिकटतात आणि मग करवतीशिवाय सुटत नाहीत. आधी पेच ब्रशने साफ करा, वाळूचा कण राहू देऊ नका, आणि लॅनोलिन किंवा टेफ्लॉनचं घट्ट ग्रीस लावा. बाटलीतलं पातळ फवारा-तेल दोन दिवसांत धुऊन जातं. फिरवताना जड लागायला लागलं तर जोर न वाढवता अर्धा फेरा मागे घ्या, पुन्हा साफ करा. अंग फिरवताना वरचा पेच दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. न धरल्यास तारच पिळली जाते आणि तिची वीण उकलते.

सगळी टर्नबकलं एकाच बाजूने बसवा, म्हणजे डावे आटे सगळ्यांचे खाली किंवा सगळ्यांचे वर. मग घट्ट करण्याची दिशा आठही ठिकाणी एकच राहते. समुद्रात घाईच्या वेळी याची किंमत कळते.

धक्क्यावर: डोलकाठी जागेवर आणणं

मुंबई बंदरात ऑक्टोबरनंतर सकाळी वारा कमी असतो आणि दुपारी वायव्येचा समुद्री वारा चढतो. मोजमाप सकाळी करा. वाऱ्यात डोलकाठी एका अंगाला कलते आणि मोजायचा ओळंबा झुलतो. सकाळचं दुसरं कारण ऊन. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं. ९ मीटरची डोलकाठी २० अंशांनी तापली तर ती तारांपेक्षा सुमारे १ मिमी जास्त वाढते आणि ताण टक्काभर चढतो. फार नाही, पण एक बाजू सकाळी आणि दुसरी दुपारी मोजली तर उगाच गोंधळ होतो.

बोट पाण्यावर तरंगत असावी, सामान नेहमीच्या जागी, माणसं मध्यावर. सगळ्या तारा हाताने जेमतेम ताठ. लोअर तर अजून सैलच असू द्या.

पहिलं माप मागच्या झुकावाचं. मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) हॅलयार्डला, म्हणजे शीड चढवायच्या दोरीला, जड वजन बांधून बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या, उंचीपर्यंत सोडा. वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं की झुलणं थांबतं. दोरी आणि डोलकाठीच्या मागच्या कडेतलं अंतर मोजा आणि शेंड्यावर दोरी जितकी मागे सुटते तेवढं वजा करा. या उंचीच्या डोलकाठीला १ अंश झुकाव म्हणजे १४ ते १५ सेंमी. सुरुवात तिथून करा. कमी असेल तर फोरस्टे लांब करून बॅकस्टे आखूड करा, जास्त असेल तर उलट. हे अंतिम नाही, अंतिम उत्तर टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, देईल.

मग शेंडा मध्यावर. हॅलयार्डला स्टीलची टेप बांधून वर चढवा आणि एका बाजूच्या चेनप्लेटपर्यंत माप घ्या, मग तेवढ्याच ओढीने दुसऱ्या बाजूला. चेनप्लेट एकमेकींपासून २.४ मीटरवर असतील तर टेपवरचा ५ मिमीचा फरक म्हणजे शेंडा जवळजवळ २ सेंमी कललेला. म्हणून फरक २-३ मिमीच्या आत आणायचा. एका बाजूला अर्धा फेरा ढिला, दुसऱ्या बाजूला अर्धा घट्ट, असं करत जा.

इथे दोन फसगती. शेंड्यावर दोन चाकं शेजारीशेजारी असतील तर हॅलयार्ड मध्यावरून निघत नाही आणि माप तेवढंच चुकतं. आणि कारखान्यात दोन्ही चेनप्लेट समान बसवल्या असतीलच असं नाही. नाळेवरच्या फिटिंगपासून दोन्हींची अंतरं मोजा. फरक सेंटिमीटरभर निघाला तर चेनप्लेट विसरा, बोटीच्या कडेवर समान अंतरावर खुणा करून त्यांच्यापर्यंत मोजा.

शेंडा मध्यावर आला की कॅपना ताण. प्रत्येक बाजूला एक-एक फेरा, आळीपाळीने, पट्टीवर १५ टक्के येईपर्यंत. एका बाजूला पाच फेरे देऊन मग दुसरीकडे गेलात तर मध्य पुन्हा हरवतो.

आता लोअर. डोलकाठीच्या मागच्या खाचेला डोळा लावून खालून वर पाहा. ती खाच म्हणजे सरळ रेषा तपासायचा तुमचा सर्वोत्तम दोरा. पोट ज्या बाजूला गेलंय त्याच्या विरुद्ध बाजूची लोअर घट्ट करा. पुढच्या दोन लोअर मागच्यांपेक्षा जास्त ताणायच्या, म्हणजे डोलकाठीचं पोट किंचित पुढे येतं. शेंड्यापासून बूमपर्यंत हॅलयार्ड डोलकाठीला लागून ताणलं तर मध्यावर १ ते २ सेंमी फट दिसावी. मागच्या लोअरचा फक्त ढिलेपणा काढा. पोट मागे जाणं सर्वात धोक्याचं. वादळी वाऱ्यात, शीड लहान केलेलं असताना, तशीच डोलकाठी मागे दुमडते. पुढच्या लोअर त्यासाठीच आहेत.

शेवटी बॅकस्टे, १५ टक्क्यांपर्यंत. ती ओढली की फोरस्टे ताठ होते. ती पुरेशी ताठ आहे की नाही ते पाण्यावरच कळेल.

स्प्रेडर मागे वळलेले असतील तर हिशोब थोडा वेगळा. तिथे पुढच्या लोअर बहुधा नसतात आणि कॅप डोलकाठीला बाजूला आणि मागे दोन्हीकडे धरतात. त्यांना २० टक्के लागतात, आणि त्यांचा ताण स्प्रेडरमार्फत पोट पुढे ढकलतो. म्हणून कॅप पूर्ण ताणून झाल्यावरच लोअरने पोट आवरायचं. क्रम उलटा केलात तर वाक किती आला ते कळतच नाही.

पाण्यावर

८ ते १२ नॉटचा स्थिर वारा हवा. मेनसेल आणि जिब (पुढचं शीड) दोन्ही चढवून वाऱ्याच्या जमेल तितकं जवळ जा, बोट १५ ते २० अंश कलू द्या.

वाऱ्याआडची कॅप पाहा. ती नुकतीच सैल वाटावी, पण लोंबकळू नये. हाताने दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक, वाऱ्यात डुलत असेल तर दोन्ही बाजूंना अजून एक फेरा हवा.

मग पाठीवर झोपून खाचेतून वर पाहा. शेंडा वाऱ्याआड झुकलाय आणि खालचा भाग सरळ आहे, तर कॅप ढिल्या. शेंडा जागेवर आणि पोट वाऱ्याआड गेलंय, तर लोअर ढिल्या. पोट वाऱ्याकडे आलंय, तर लोअर कॅपच्या मानाने जास्त ताणल्या गेल्यात. डोलकाठी इंग्रजी 'एस' सारखी दिसली तर काही घट्ट करू नका. दोन्ही बाजूंच्या लोअर ढिल्या करून पुन्हा सुरुवात करा.

फेरे नेहमी वाऱ्याआडच्या, सैल बाजूला द्यायचे. भाराखालचं टर्नबकल फिरवणं म्हणजे आटे चिकटवायला आमंत्रण. एक फेरा दिला, बोट वळवली, दुसऱ्या बाजूला तोच एक फेरा दिला, पुन्हा पाहिलं. किती फेरे झाले ते मोठ्याने सांगा आणि दुसऱ्याने वहीत लिहावं. वळण घेताना मोजणी विसरतेच.

फोरस्टेकडे पाहा. जिबच्या पुढच्या कडेला ती वाऱ्याआड झोळ खाते. लांबीच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे आपल्या बोटीवर ९ ते १० सेंमी झोळ ठीक. त्याहून जास्त असेल तर जिब फुगीर होते आणि बोट वाऱ्याजवळ जात नाही. बॅकस्टे वाढवा, पण २० टक्क्यांच्या पुढे नको.

आणि टिलर. हात सोडला की बोटीने हळूच नाळ वाऱ्याकडे वळवावी. सुकाणू मधल्या रेषेपासून ३ ते ५ अंश धरावं लागलं तर झुकाव योग्य. टिलर सतत ओढत राहावा लागला तर झुकाव कमी करा. हात सोडल्यावर नाळ वाऱ्यापासून दूर जात असेल तर झुकाव वाढवा. एकावेळी फोरस्टेचे दोन फेरे पुरेत, त्याचबरोबर बॅकस्टे उलट दिशेने. झुकाव बदलला की कॅप आणि लोअरचा ताण पुन्हा तपासावा लागतो.

पक्कं करणं

दोन्ही पेचांची टोकं टर्नबकलच्या उघड्या अंगात दिसत असली पाहिजेत. दिसत नसतील तर आटे पुरेसे आत नाहीत. थोडी लांब तार करून घ्या किंवा जास्त लांबीचा टॉगल लावा. मग पेच आपोआप फिरू नये म्हणून स्प्लिट पिन. तिचे पाय छिद्राबाहेर जेमतेम उरतील इतकेच ठेवा आणि १५-२० अंश पसरवा. पूर्ण दुमडलेली पिन संकटात काढता येत नाही. तिच्यावर चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो, शीड आणि आपले पाय फाटू नयेत म्हणून. पूर्ण टर्नबकल गुंडाळू नका, आत खारं पाणी कोंडतं.

नव्या तारा पहिल्या तीन-चार सफरींत बसतात आणि थोड्या सैल होतात. त्यानंतर एकदा सगळं पुन्हा मोजा.

पावसाळ्याआधी बोट वर काढताना प्रत्येक टर्नबकलच्या आत दिसणारे आटे मोजून वहीत लिहा आणि तारेवर रंगीत पट्टीने डावी, उजवी, पुढची, मागची अशी खूण करा. डोलकाठी उतरवली नाही तरी सर्व तारा निम्म्या ताणावर आणा, फिटिंगं गोड्या पाण्याने धुवा, टर्नबकलना पुन्हा ग्रीस द्या. ऑक्टोबरमध्ये वहीतल्या आट्यांवर परत या, पट्टी बांधा आणि कॅपपासून सुरू करा.